पियानोवरचे सोपे आणि अवघड

पियानो शिकणारे दोघे प्रथमच भेटले की नाव-गाव विचारण्याआधी 'कितवी ग्रेड?' हा प्रश्न येतो. आमच्या महाविद्यालयात पियानो वाजवणारे आम्ही पाचसहाच जण. पण आमच्यातही ही उतरंड आहेच. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आणि असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षा मुंबई, पुणे, गोवा येथे कित्येक वर्षे होत आल्या आहेत. त्यांत पहिलीपासून आठवीपर्यंत पायऱ्या असतात व प्रत्येक पायरीला रचना नेमलेल्या असतात. जर्मनीतील हेन्ले ही स्वरलिपी छापणारी प्रकाशनसंस्था तर रचनांना १ ते ९ असे अंकच देते : ३ पर्यंत सोपे, ६ पर्यंत मध्यम, त्यापुढे अवघड. शिक्षकाला याचा उपयोग आहे, हे मी मान्य करतो. ज्याची बोटे अजून आठ पांढऱ्या पट्ट्यांपर्यंत पसरत नाहीत, त्याच्यापुढे लिस्टची रचना ठेवू नये, एवढे या शिडीने नक्कीच साधते. माझे भांडण आहे ते ही शिडी वर्गातून उचलून स्पर्धेच्या व्यासपीठावर लावण्याशी.

गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पाश्चात्त्य वाद्यवादनाच्या गुणपत्रिकेत 'रचनेची काठिण्यपातळी' असा स्वतंत्र रकाना होता, आणि त्याला शंभरापैकी वीस गुण! आमच्या एका मैत्रिणीने मोझार्टच्या सी मेजर सोनाटाचा (के. ५४५) मधला संथ भाग वाजवला. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. त्या रकान्यात तिला सहा गुण मिळाले. पारितोषिक शोपँच्या 'फँटेसी-इम्प्रॉम्प्ट्यू'ला गेले. त्या रचनेत उजवा हात चार स्वर वाजवतो तेवढ्यात डाव्याने तीन वाजवायचे असतात. ते मोठे कौशल्याचे काम आहे. पण त्या दिवशी पेडलखाली सगळे चार-तीन एकमेकांत मिसळून चिखल झाला होता. निकालानंतर मैत्रीण म्हणाली, "पुढच्या वर्षी मीही लिस्टच घेणार." मला वाईट वाटले ते या वाक्याचे. सहा गुणांचे काही एवढे नाही.

मोझार्टने १७८८ साली ही सोनाटा स्वतःच्या सूचीत 'नवशिक्यांसाठी' म्हणून नोंदवली, हे खरे. पण मोझार्टच्या सोनाटा मुलांना फार सोप्या आणि कलावंतांना फार अवघड, असे आर्तुर श्नाबेलसारखा जाणता पियानोवादक म्हणत असे, त्याचे काय? यात कोटी आहे तसे निरीक्षणही आहे. त्या संथ भागात डावा हात जवळजवळ सतत तीच ती गुंफण विणत असतो. तिच्यातला एक स्वर जरी जड पडला तरी तो लपवायला जागाच नाही. शोपँच्या सरींमध्ये दोनचार स्वर गळले तर किती श्रोत्यांना कळते?

सर्वांत अवघड म्हणून नेहमी नाव निघते ते रावेलच्या 'गास्पार द ला न्वी' (१९०८) या तीन रचनांच्या संचाचे, विशेषतः त्यातील शेवटच्या 'स्कार्बो'चे. बालाकिरेवच्या 'इस्लामे'हून (१८६९) अवघड काही लिहावे, असा रावेलचा हेतूच होता. एकच स्वर झपाट्याने पुन्हा पुन्हा वाजवणे, लांबलांब उड्या, हे सारे तिथे डोळ्यांना दिसते. पण याच संचातील मधली 'ल जिबे' (फाशीचा खांब) ही रचना पाहा. गती अतिशय संथ. दूरच्या घंटेसारखा एकच बी-फ्लॅट पहिल्यापासून अखेरपर्यंत वाजत राहतो आणि त्याच्याभोवती जड स्वरसमूह सरकत असतात. घाई करू नये, रेंगाळूही नये, अशी रावेलची स्पष्ट सूचना आहे. एका क्षणी घंटा वाजवणारे बोट पुढच्या क्षणी दुसऱ्याच कामाला लागते. तरी घंटेचा आवाज बदलता कामा नये. बोटांची धावपळ मोजणाऱ्याला इथे मोजायला काही सापडत नाही. वाजवणाऱ्याला मात्र घाम फुटतो.

संथ वाजवणे पियानोवर विशेष अवघड का, हे पेटी वाजवणाऱ्यांना चटकन कळेल. पेटीत भाता चालू आहे तोवर स्वर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर पडली की त्याच क्षणापासून स्वर विझू लागतो. नंतर तो फुगवता येत नाही. म्हणजे लांब सुरावट गायल्यासारखी वाटावी म्हणून प्रत्येक नवा स्वर आधीच्या विझत्या स्वराच्या अंदाजाने दाबावा लागतो. बेथोवनच्या 'मूनलाइट' सोनाटाचा (१८०१) पहिला भाग सगळेच वाजवतात. त्यात उजव्या हाताच्या करंगळीने सुरावट उचलून धरायची आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी तीन-तीन स्वरांची लाट दबकी ठेवायची. तिसरा भाग अवघड, पहिला सोपा, असे सरसकट सांगणाऱ्यांनी हा पहिला भाग कधी लक्षपूर्वक ऐकला आहे काय? आपल्याकडे तानांना टाळ्या पडतात. विलंबित ख्यालातला एक षड्ज नीट लागायला किती वर्षे जातात, हे गाणाऱ्याला ठाऊक. तसेच हे.

बरे, अवघड तरी कोणाला? आठ पांढऱ्या पट्ट्यांचा पल्ला सुमारे साडेसोळा सेंटिमीटर भरतो, आणि सर्वांचे पंजे सारखे नसतात. रॅखमानिनॉफने आपला तिसरा कन्सर्टो (१९०९) योझेफ हॉफमनला अर्पण केला, पण हॉफमनने तो कधीही जाहीररीत्या वाजवला नाही. हॉफमनचे हात लहान. त्याच्यासाठी स्टाइनवेने किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले होते. उलट पाच फुटांहूनही कमी उंचीच्या आलिसिया द लारोचा यांनी अल्बेनिथच्या 'इबेरिया'सारखा दमछाक करणारा संच कितीदा तरी वाजवला. आता 'इबेरिया'पुढे कोणता अंक लिहायचा?

आणि कोणत्या वाद्यावर? बेथोवनच्या 'वाल्डस्टाइन' सोनाटात (१८०४) शेवटी एका हाताने आठ पट्ट्यांचे अंतर राखून बोटे घसरत न्यायची जागा आहे. त्या काळच्या पियानोच्या पट्ट्या हलक्या व उथळ, त्यामुळे ते सहज जमे. आजच्या जड पट्ट्यांवर बोटे सोलून निघतात, म्हणून कित्येक जण तो भाग दोन्ही हातांत वाटून घेतात. रचना तीच, स्वर तेच! आमच्यापैकी निम्मे जण घरी एकसष्ट पट्ट्यांच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर सराव करतात. त्या पट्ट्यांना वजनच नसते. स्पर्धेच्या दिवशी खऱ्या पियानोपुढे बसल्यावर त्यांना सोपी रचनाही दगडासारखी लागते. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकू लागल्या की मग विचारायलाच नको.

काठिण्याची परमावधीच हवी असेल तर तीही आहे. कैखुश्रू सोराबजी या संगीतकाराचे वडील मुंबईचे पारशी अभियंते. सोराबजींनी १९३० साली ग्लासगोत आपली 'ओपस क्लाविचेम्बालिस्टिकम' ही रचना स्वतः वाजवून दाखवली. ती सुमारे चार तास चालते. वीस गुणांच्या रकान्यात तिला किती द्यावेत, हे परीक्षकांनीच ठरवावे. ऐकून संपेपर्यंत ते सभागृहात राहिले तर!

तेव्हा माझी मागणी साधी आहे. आमच्या स्नेहसंमेलनाच्या वाद्यवादन स्पर्धेची नियमावली यंदा नव्याने लिहिली जाणार आहे. तीत काठिण्याचा रकाना नसावा. प्रत्येकाने आपल्या पसंतीची एक रचना वाजवावी आणि सर्वांना मिळून नेमलेली एक संथ, दोन पानांची रचना वाजवावी. तीच रचना पाच जणांकडून लागोपाठ ऐकली की परीक्षकांना वेगळा रकाना लागणार नाही. नियमावली समितीतील प्राध्यापकांनी याचा विचार करावा. आणि सभागृहातील पियानोच्या मधल्या सप्तकातील अडकणाऱ्या दोन पट्ट्या स्पर्धेपूर्वी दुरुस्त करून घ्याव्यात. नाहीतर सर्वच रचना नवव्या पायरीच्या ठरतील.