विजेच्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या कशानें मरतात?

अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९६९ सालीं ‘एलेक-ट्रॅक’ नांवाचा बागकामाचा लहान विजेचा ट्रॅक्टर काढला. ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकीपुढें एक जोडून त्यास ३६ व्होल्टची वीज मिळे. त्याचें उत्पादन थांबून बराच काळ लोटला, तरी त्यांतील कित्येक यंत्रें तेथील हौशी मंडळी आजहि चालवितात. लोखंड व मोटर टिकली. बॅटऱ्या मात्र पुनः पुनः बदलाव्या लागल्या. आपल्याकडील विजेचे नवे ट्रॅक्टर बहुधा लिथियमच्या बॅटऱ्यांवर चालतात व त्यांची निगा निराळी आहे. परंतु शिसें-आम्लाच्या बॅटऱ्या आपल्या घरोघरच्या इन्व्हर्टरांत आहेतच; तेव्हां हा विषय शेतकरी बंधूंस परका वाटूं नये.

आमचें मत असें कीं, बॅटरी कामानें फारशी मरत नाहीं. काम झाल्यावर ती रिकामी ठेवल्यानें मरते. ‘पूर्ण उतरल्याखेरीज चार्जिंगला लावूं नये’ हा समज सर्वत्र ऐकूं येतो. तो निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांवरून आलेला असून शिशाच्या बॅटरीस केवळ घातक आहे. वीज देतांना तिच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा बारीक थर जमतो व आम्ल पातळ होतें. लगेच चार्ज केल्यास हा थर विरतो. तसाच राहिल्यास त्याचे कठीण खडे बनतात, ते पुढें सहसा सुटत नाहींत, आणि प्लेटेचा तेवढा भाग वायां जातो. म्हणून निम्म्याखालीं बॅटरी उतरूं देऊं नये, आणि यंत्र छपराखालीं येतांच तें चार्जरला जोडावें. अमेरिकेंत हिवाळ्यांत यंत्र पडून असतें. भरलेल्या बॅटरीस तेथील थंडी बाधत नाहीं, पण उतरलेलीचें आम्ल शून्याखालीं थोडक्याच अंशांवर गोठून ती फुटते. आपल्याकडे हेंच काम उन्हाळा करितो, कारण उष्णतेनें बॅटरी आपोआप लवकर उतरते. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी आम्हीं अशीच एका उन्हाळ्यांत घालविली, हें कबूल केलें पाहिजे.

चार्जरवरचा हिरवा दिवा पाहून समाधान मानूं नये. हायड्रोमीटर थोडक्या पैशांत मिळतो; त्यानें महिन्यांतून एकदां प्रत्येक घट तपासावा. भरलेल्या घटांतील आम्लाचें विशिष्ट गुरुत्व १.२७ च्या आसपास व निम्म्या उतरलेल्यांत १.१९ च्या आसपास असतें. ३६ व्होल्टच्या जोडणींत असे १८ घट असतात, व एक मागें पडला कीं सारी ओळ मागें पडते. चार्जिंग पुरें होण्यास या १८ घटांस अखेरीस सुमारें ४४ व्होल्टचा दाब लागतो. हा आंकडा २५ अंश सेल्सिअस उष्णतेचा. दर १० अंश वाढीस सुमारें १ व्होल्ट कमी करावा.

चार्जिंगच्या शेवटीं पाण्याचे वायु होऊन बुडबुडे येतात. तेवढें पाणी वांचवावें म्हणून कांहीं काटकसरी गृहस्थ चार्जर अर्ध्यावरच काढितात. ही काटकसर फार महाग पडते. पाणी पुनः घालतां येतें, प्लेटा घालतां येत नाहींत! मात्र तें डिस्टिल्डच असावें. विहिरीच्या पाण्यांतील क्षार व लोह बॅटरीस विष आहेत, आणि आम्ल तर वरून कधींच घालूं नये. पाणी चार्जिंग संपल्यावर भरावें. आधीं भरल्यास तें फुगून बाहेर सांडतें व झांकणें आणि तारा खातें. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच त्या बुडतील इतकें आधीं घालावें. निघणाऱ्या वायूंत हायड्रोजन असतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ४ झालें कीं ठिणगीनें पेट घेतो, म्हणून कोंदट खोलींत चार्जिंग करूं नये व विडी-काडी जवळ आणूं नये.

सहांपैकीं एकच बॅटरी गेली तर दुकानदार एकच नवी सुचवितो, व खर्चाच्या दृष्टीनें तें बरेंहि वाटतें. संच वर्षाच्या आंतला असेल तर तसें करण्यास हरकत नाहीं. पण पांच जुन्या थकल्या असतील, तर नवी त्यांच्याच बरोबरीनें लवकर म्हातारी होते. तेव्हां सहाहि एकदम बदलाव्या, आणि जुन्यांचें शिसें भंगारांत न टाकतां दुकानदारास परत देऊन त्याची किंमत वजा करून घ्यावी.