तक्रार मालकाची, प्रश्न सर्वांचा

बेळगाव शहराला खेटून मार्कंडेय नदीच्या काठी कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन गावे आहेत. तेथून फार दूर नसलेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ दिल्लीहून निघतो आणि मुंबई, पुणे, निपाणी, बेळगाव, बंगळूर करीत चेन्नईला पोचतो. याच महामार्गावर बंगळूरजवळ नेलमंगल येथे २१ डिसेंबर २०२४ रोजी एक अवजड कंटेनर उलटून एका नव्या व्होल्वो मोटारीवर कोसळला आणि एकाच कुटुंबातील सहा जण जागीच गतप्राण झाले. हे कुटुंब सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याचे, म्हणजे आपल्याच सीमाभागाच्या शेजारचे. गावाकडे निघालेल्या त्या माणसांत लहान मुलेही होती. जगातील अत्यंत सुरक्षित मोटारींत ज्यांची गणना होते, अशांपैकी ती एक गाडी होती. त्याआधी दोन वर्षे, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, याच महामार्गावर पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर मर्सिडीझ बनावटीची मोटार आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल हे त्यात मृत्युमुखी पडले. दोघेही मागच्या आसनावर बसले होते आणि दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता.

या दोन्ही अपघातांत गाडीच सदोष होती, असे आमचे म्हणणे नाही. परंतु लक्षावधी रुपये मोजले की सुरक्षितताही घरी आणता येते, या अलीकडे रूढ झालेल्या समजुतीला या दोन घटनांनी जबरदस्त धक्का दिला आहे. आणि नेमक्या याच समजुतीवर आज उंच, रुबाबदार आणि महागड्या मोटारींचा बाजार उभा आहे. जाहिरातीतील तारे, एअरबॅगांची संख्या, आपोआप लागणारे ब्रेक, चहूबाजूंनी पाहणारे कॅमेरे या सर्वांचे गुणगान ऐकून ग्राहक शोरूमची पायरी चढतो. गाडी घरी येते, पेढे वाटले जातात, नव्या गाडीला हार घालून पूजा होते. आणि मग काही महिन्यांतच कोणाच्या गाडीचा पडदा चालता चालता काळा होतो, कोणाची गाडी मोकळ्या रस्त्यावर एकाएकी ब्रेक लावते, कोणाच्या गाडीला भीषण टक्कर होऊनही एअरबॅग उघडत नाही. मालक तक्रार घेऊन जातो तेव्हा ज्या शोरूममध्ये काल त्याचे पुष्पगुच्छ देऊन स्वागत झाले होते, तेथेच त्याला ऐकवले जाते की यंत्रावर तपासले, दोष काही आढळत नाही.

अशा तक्रारीचे पुढे काय होते, हे पाहण्यासाठी दोन निकालांकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. ऑगस्ट २०१५ मध्ये एका ग्राहकाने ह्युंदाई कंपनीची क्रेटा ही मोटार घेतली. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत मार्गावर तिला अपघात झाला, मालक जखमी झाला, पण एअरबॅगा उघडल्या नाहीत. कंपनीचा बचाव असा की, एअरबॅग उघडावी इतक्या जोराचा तो आघातच नव्हता. दिल्लीच्या राज्य ग्राहक आयोगाने हा बचाव फेटाळला. औषधोपचार व बुडालेले उत्पन्न यांपोटी २ लाख, मनस्तापापोटी ५० हजार आणि दाव्याच्या खर्चापोटी ५० हजार रुपये द्यावेत, शिवाय गाडी बदलून द्यावी, असा आदेश झाला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. वेग आणि आघात यांचे गणित मांडून मग गाडी घ्यावी इतका ग्राहक पदार्थविज्ञानात पारंगत असावा ही अपेक्षाच गैर आहे, असा त्या निर्णयाचा आशय. दुसरे प्रकरण एका मोठ्या कंपनीने आपल्या संचालकासाठी घेतलेल्या मर्सिडीझ मोटारीचे. अपघात झाला जानेवारी २००६ मध्ये. एअरबॅगा उघडल्या नव्हत्या, आणि त्या कोणत्या मर्यादेत उघडतात हे माहितीपत्रकात स्पष्ट केलेले नव्हते. राष्ट्रीय आयोगाने १० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली, आणि सर्वोच्च न्यायालयाचे तिच्यावर शिक्कामोर्तब झाले ते ९ जुलै २०२४ रोजी. अपघातापासून अठरा वर्षांनी!

निर्णय ग्राहकाच्या बाजूने लागले, म्हणून समाधान मानावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. पदरी वकिलांची फौज बाळगणाऱ्या कंपनीला जेथे अठरा वर्षे लागली, तेथे बेळगावच्या फौंड्रीत घाम गाळून चार पैसे जोडणाऱ्या आणि कर्ज काढून गाडी घेणाऱ्या माणसाचा निभाव कसा लागावा? वाहनांच्या सुट्या भागांचे ओतकाम हा तर बेळगावचा नावाजलेला उद्योग. समजा, कंग्राळीच्या एखाद्या लहान उद्योजकाने आयुष्यभराच्या कमाईतून अशी एक गाडी घेतली आणि तिने त्याला दगा दिला. गाडीबरोबरचे जाडजूड पुस्तक इंग्रजीत, करारपत्र इंग्रजीत, आणि कंपनीचे उत्तर येणार तेही इंग्रजीत. गाडीची किंमत ५० लाखांवर असेल तर सध्याच्या नियमांप्रमाणे जिल्हा आयोगात दाद मागता येत नाही, राज्य आयोग गाठावा लागतो. तेथे त्याला सिद्ध करावयाचे असते ते हे की, एका लहानशा पेटीतील यंत्रणेने सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांत जो निर्णय घ्यावयास हवा होता, तो तिने घेतला नाही.

या झगड्यातील खरी मेख येथेच आहे. एअरबॅगचे कार्य सामान्य माणसाला वाटते तितके साधे नाही. गाडी आदळताच तिचा वेग किती झपाट्याने घटला हे संवेदक मोजतात, नियंत्रक पेटी त्यावरून निर्णय करते, वायू निर्माण होतो आणि पापणी लवण्याच्या आत उशी फुगते. उशी हा पट्ट्याचा पर्याय नव्हे, पूरक आहे. पट्टा नसेल तर तीच उशी घातकही ठरू शकते. या साऱ्या क्षणांची नोंद अनेक आधुनिक गाड्यांत राहते. पण ती नोंद वाचावयाची कोणी? चारोटीच्या अपघातानंतर गाडीतील माहिती वाचण्यासाठी आपल्या पोलिसांनाही निर्मात्या कंपनीवरच अवलंबून राहावे लागले. आघातापूर्वी काही सेकंद गाडीचा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर होता आणि आघाताच्या वेळी ८९, हे आपणांस कळले ते कंपनीने दिलेल्या अहवालातून. त्या प्रकरणी कंपनीने काही दडविले असे आम्ही सुचवीत नाही. परंतु ज्याच्या मालाविषयी शंका आहे, पुराव्याची किल्लीही त्याच्याच कमरेला असावी, ही व्यवस्था न्यायाची म्हणता येणार नाही. चोरीचा तपास ज्याच्यावर संशय त्याच्याकडे सोपविण्याची रीत कोणत्याही गावात नाही. मग मोटारींच्या बाबतीतच ती का असावी?

कायदा अगदीच मुका आहे असे नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला. अशा वेळी निर्मात्याने पैसे परत करावेत, गाडी बदलून द्यावी किंवा दोष दूर करावा, असे हे कलम सांगते. त्यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ग्राहक संरक्षण कायदाही नव्याने झाला आणि २०२० पासून सदोष मालाबद्दल निर्मात्याची जबाबदारी त्यात स्वतंत्र प्रकरणाने आली. कागदावर हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि सरकारी चक्र फिरण्यासाठी विकलेल्या गाड्यांच्या प्रमाणात ठराविक मालकांनी तक्रारी नोंदवाव्या लागतात. कलमात चाचणी संस्थेच्या अहवालाचीही वाट आहे खरी, पण मुख्य भर राहतो तो डोकी मोजण्यावर. ब्रेक निकामी होण्याचा दोष शंभर जणांनी अनुभवल्यावरच तो दोष ठरावयाचा काय? पहिल्या दहांपैकी एखादा तक्रार करण्यासाठी जिवंतच राहिला नाही, तर त्याची नोंद कोणी करावयाची?

परदेशांनी हा धडा रक्ताची किंमत देऊन गिरविला आहे. अमेरिकेत राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये मोटार कंपन्यांच्या बेफिकिरीवर पुस्तक लिहिले आणि पुढच्याच वर्षी तेथे वाहन सुरक्षेचा कायदा झाला. तरीही २००० मध्ये फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या उंच मोटारींचे फायरस्टोन टायर धावताना फाटू लागले, गाड्या उलटल्या, दोनशेहून अधिक माणसे दगावली आणि ६५ लाख टायर परत घेण्याची पाळी आली. चौकशीत उघड झाले ते हे की, तक्रारी आधीपासून येत होत्या, परंतु त्या कंपन्यांच्या कपाटांत पडून होत्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेने कायदा केला की, सुरक्षिततेसंबंधी येणाऱ्या तक्रारी आणि दावे यांची माहिती निर्मात्याने सरकारला नियमाने कळविली पाहिजे. तक्रार शोधत सरकारच्या दारी ग्राहकाने जाण्याऐवजी कंपनीनेच ती सरकारपुढे ठेवावी, हा त्यातला गाभा आपण उचलण्यासारखा आहे.

दबाव आला की आपल्याकडेही सुधारणा होते, हे आपण पाहिले आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारी आदळवून पाहिल्या. पाचही मोटारींना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. देशभर चर्चा झाली. डिसेंबर २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉनने पाच तारे मिळविले आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची ‘भारत एनकॅप’ ही चाचणी सुरू झाली. दोष चव्हाट्यावर आला की कारखान्याचे हात चालू लागतात. मात्र ही चाचणी ऐच्छिक आहे, आणि ती नव्या नमुन्याची परीक्षा आहे. रस्त्यावर दोन पावसाळे काढलेल्या गाडीचे काय झाले, हे सांगू शकतो तो फक्त मालक. म्हणूनच त्याच्या तक्रारीला मोल आहे.

या ठिकाणी वाचक विचारतील की, श्रीमंतांच्या गाड्यांची चिंता आम्ही का वाहावी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे गोव्यातील शंभरांपैकी ४५ कुटुंबांकडे मोटार आहे आणि हे प्रमाण देशात सर्वाधिक आहे. पण उरलेल्या पंचावन्नांचे काय? त्यांचेही या प्रश्नाशी नाते आहे. ६ ऑगस्ट २०२३ च्या रात्री बाणस्तारीच्या पुलावर एका आलिशान मर्सिडीझ मोटारीने समोरच्या वाहनांना चिरडले आणि तीन निरपराध जीव गेले. तो दोष यंत्राचा नव्हे, चालविणाऱ्याचा होता. परंतु दोन टनांचे धूड ताब्याबाहेर गेले म्हणजे काय होते, हे त्या रात्री सर्वांनी पाहिले. तारे मोजले जातात ते मुख्यतः आत बसलेल्यांसाठी, बाहेरच्या दुचाकीस्वाराला ते कोण देतो? बेळगावच्या शिवारातली भाजी घेऊन चोर्ला घाट उतरणारा टेंपोचालक, शाळेत पोराला सोडणारी स्कूटरवरची आई, रस्त्याच्या कडेने जाणारा शेतमजूर यांनी ती महागडी गाडी घेतलेली नाही. पण तिचा ब्रेक लागतो की नाही, यावर त्यांचाही जीव अवलंबून आहे. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. म्हणून मालकाची तक्रार ही ग्राहक आणि दुकानदार यांच्यातील खासगी कुरबूर समजण्याची चूक आपण सोडली पाहिजे. ती सार्वजनिक धोक्याची घंटा आहे.

मालकांनाही दोन शब्द सुनावणे आमचे कर्तव्य आहे. मागच्या आसनावर पट्टा बांधणे नियमाने बंधनकारक असताना तो कमीपणाचा वाटावा, आणि मग गाडीच्या सुरक्षेची तक्रार करावी, हे शोभत नाही. रुबाबासाठी पुढे लोखंडी कठडे बसविणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की त्याने आघाताचे गणित बिघडते आणि एअरबॅगचे कामही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच या कठड्यांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळविले होते. तसेच चारोटीच्या पुलाचा पुढे आलेला कठडा आणि नेलमंगलचा उलटलेला कंटेनर हे सांगतात की, रस्ता व अवजड वाहतूक यांची शिस्त नसेल तर उत्तमोत्तम गाडीही माणसाला तारू शकत नाही.

तरीही कारखानदार आणि सरकार यांची जबाबदारी याने तसूभरही हलकी होत नाही. आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. सुरक्षिततेसंबंधीची प्रत्येक तक्रार ठराविक मुदतीत सरकारला कळविणे कंपन्यांवर बंधनकारक व्हावे आणि ती यादी जनतेला तिच्या भाषेत वाचावयास मिळावी. अपघातानंतर गाडीतील नोंदीची प्रत मालकाला वा त्याच्या वारसांना मागताच मिळावी. आणि गंभीर तक्रारीची तपासणी कंपनीच्या कार्यशाळेत न होता स्वतंत्र तज्ज्ञांकडून व्हावी, मग ती तक्रार एकाची असो वा हजारांची.

कंग्राळीच्या वेशीवर उभा राहणारा माणूस महामार्गाची घरघर रात्रंदिवस ऐकतो. त्या घरघरीत कोणती गाडी निर्दोष आणि कोणती सदोष, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ज्यांना कळते त्यांनी ते वेळीच सांगावे, आणि ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांनी ते ऐकावे, एवढीच त्याची मागणी आहे. पहिल्या तक्रारीला जे सरकार जागे होईल, त्याला शंभराव्या अपघातानंतर शोकसंदेश धाडावा लागणार नाही.