आजीचे गाव किती लांब?

परवा वर्गात प्रश्न निघाला, "आजीचं गाव किती लांब?" मुले एका सुरात म्हणाली, "नऊ तास!" आम्हाला हे उत्तर पुरेसे वाटत नाही.

हीथ्रो ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. जाताना विमानाला नऊ तास लागतात, येताना दहाच्या आसपास, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. अंतर तेच, तास मात्र वेगळे! आता मुंबई ते सावंतवाडी पाहा. अंतर जेमतेम पाचशे किलोमीटर, पण कोकण रेल्वेच्या दिवसाच्या गाडीलाही नऊ-दहा तास लागतात. २०२१ साली सिंधुदुर्गात चिपीला विमानतळ झाला. तेव्हा मुंबईहून तिथवर उड्डाण सुरू झाले, तासाभरापेक्षा थोड्या अधिक वेळाचे.

रजा मोजकी असते, म्हणून आपण पालक हा दुसरा प्रवासच टाळतो आणि आजी-आजोबांना मुंबईला बोलावतो. आम्हीही तेच केले आहे. पण त्यात मुलांचे नुकसान होते. विमानात त्यांना मराठीचा एक शब्दही लागत नाही. गाडीत मात्र शेजारच्या मावशी विचारतात, "कुठून आलास रे बाळा?" मग केंब्रिज कुठे आहे, हे मराठीतच सांगावे लागते. दर शनिवारी आपण शिकतो ते याचसाठी ना?

तेव्हा पालकहो, पुढच्या सुट्टीत एकदा तरी आगगाडीने गावापर्यंत जा. आणि मुलांनो, वाटेत कोणाकोणाशी मराठीत बोललात, ते पुढच्या अंकासाठी लिहून द्या.