नातू आजीशी अहिराणी बोलेनासा होतो तेव्हा

गेल्या पावसाळ्यात धुळ्यातील एक आजी सहावीतल्या नातवाला पोटदुखीसाठी माझ्याकडे घेऊन आल्या. ताप नव्हता, लघवीची तपासणी निर्दोष होती; थोडे बद्धकोष्ठ तेवढे होते. निघता निघता आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, दुखतं ते शाळेच्या दिवशी सकाळीच. रविवारी काही नसतं. आणि हल्ली हा माझ्याशी अहिराणी बोलत नाही." रविवारच्या उल्लेखाने मला शंका आली; शेवटच्या वाक्याने ती पक्की झाली.

मुलगा साक्री तालुक्यातील गावातून नुकताच शहरातील शाळेत आला होता. कंपास सापडेना म्हणून त्याच्या तोंडून सहज निघून गेले, "मना कंपास कोठे शे?" वर्ग हसला. तेवढ्यावर थांबले असते, तर ती चेष्टाच राहिली असती. परंतु चार मुलांनी त्याचे नावच 'शे' ठेवले. मग डबा लपवणे सुरू झाले, बसमध्ये शेजारी बसू न देणे आले आणि पुढे स्वच्छतागृहाच्या दारात वाट अडवणे. तिकडे जावे लागू नये म्हणून तो दिवसभर पाणीच पिईनासा झाला होता. पोटदुखी हे ढोंग नव्हते. मनावरील ताण आणि पाण्यावाचून गेलेला दिवस, दोन्हींचा भार त्या पोटावर होता.

पाचवी ते आठवी हा काळ या बाबतीत नाजूक असतो. गावातील शाळा संपते, मोठ्या शाळेत नवी मुले भेटतात, आणि आपण कोणत्या गटात बसतो हा त्या वयातील सर्वांत मोठा प्रश्न होऊन बसतो. बोली, रंग, जात, लठ्ठपणा, वडिलांचे काम, काहीही निमित्त पुरते. २०११ च्या जनगणनेत अहिराणी-खानदेशी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवणारे अठरा लाखांहून अधिक लोक आहेत. बहिणाबाई चौधरींच्या खानदेशी बोलीतील कविता पाठ्यपुस्तकांतून मानाने शिकवल्या जातात, आणि तास संपताच त्याच बोलीची नक्कल होते, हे मला नेहमी खटकत आले आहे.

भांडण आणि छळ यांतील भेद नॉर्वेत काम करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून स्पष्ट केला. त्रास जाणूनबुजून आणि पुनःपुन्हा दिला जातो, आणि सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करणे कठीण असते, तेव्हा तो छळ होय. बरोबरीच्या दोघांची मधल्या सुट्टीतील मारामारी त्यात येत नाही.

ज्येष्ठ वाचकहो, येथे आपल्याकडून एक चूक हमखास होते. "आमच्या वेळीही चिडवत असत, लक्ष देऊ नकोस," असे आपण प्रेमानेच म्हणतो. मुलाला मात्र त्यातून एवढेच कळते की हे पुन्हा घरी सांगण्यात अर्थ नाही. शिवाय पूर्वीची चिडवाचिडवी शाळेच्या फाटकाशी संपत असे. आता ती मोबाइलवरील वर्गाच्या ग्रुपमधून रात्री अंथरुणापर्यंत येते. "तूही दोन ठेवून दे" हा सल्लाही नको. चौघांपुढे एकटे मूल आणखी मार खाते, किंवा शाळेच्या दृष्टीने तेच दोषी ठरते.

आई-वडील कामावर असतात तेव्हा शाळेतून आलेल्या मुलाचा चेहरा प्रथम आपणच पाहतो. डबा तसाच परत येणे, पेन-पेन्सिली वारंवार 'हरवणे', बसची वेळ झाली की रेंगाळणे, झोपेत दचकणे किंवा अंथरूण ओले होणे, याकडे लक्ष ठेवावे. थेट "तुला कोणी मारतं का?" असे विचारले की उत्तर "नाही" असेच येते. त्यापेक्षा शेंगा सोलता सोलता विचारावे, "मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतोस? बसमध्ये शेजारी कोण बसतं?" मग गप्प राहावे. हे गप्प राहणे आपल्याला फार जड जाते, पण मूल बोलते ते त्याच शांततेत.

मुलाने सांगितल्यावर तडक दुसऱ्या मुलाच्या घरी भांडायला जाऊ नये. दिवस, जागा, काय घडले, कोणी पाहिले, हे वहीत लिहून आई-वडिलांसह वर्गशिक्षकांना भेटावे. आठ-दहा दिवसांत फरक दिसला नाही, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळांत सखी सावित्री समिती अपेक्षित आहे. तिच्याविषयी विचारणा करावी. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी विनामूल्य आहे. "मी नसतो तर बरं झालं असतं" असे काही मुलाच्या बोलण्यात आले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. मुलाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावरही बोलता येते.

आपलाच नातू त्या चौघांपैकी असला तर? तेव्हाही त्याला मारून काही साधत नाही. घरात कोणाच्या बोलण्याची, रूपाची टिंगल कोण करते, हे मात्र एकदा आठवून पाहावे.

त्या मुलाच्या वर्गशिक्षिकेने भर वर्गात चर्चा केली नाही, हे मला फार आवडले. चौघांना त्यांनी वेगवेगळे बोलावले, त्यांच्या पालकांनाही भेटल्या, मुलाची जागा बदलली आणि त्याच बसने येणाऱ्या दोन मुलांना त्याच्या सोबतीला दिले. दीड महिन्याने आजी स्वतःच्या रक्तदाबासाठी आल्या. पोटदुखी थांबली होती. अहिराणीचे विचारले, तेव्हा म्हणाल्या, "फोनवर मामाशी बोलतो चार शब्द. दार लावून."