घरची गाडी : उंची आणि उसळी

पावसाळा तोंडाशीं आला म्हणजे ह्या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. ह्या वेळीं सोलापूर शहर व आसपासच्या तालुक्यांतून जीं पत्रें आलीं, त्यांतील बहुतेकांचा प्रश्न एकच आहे. घरांत थार किंवा जिम्नी आली आहे. मुलगा किंवा पुतण्या म्हणतो कीं, शेताच्या वाटेवर ती घासते, तेव्हां स्प्रिंगा व शॉक बदलून ती दोन इंच, कोणी तीन तर कोणी चार इंच, उंच करून घ्यावी. वडील मंडळींस ह्यांतील कांहीं उमगत नाहीं, पण खर्चाचा आंकडा ऐकून तीं बिचकतात. एका भगिनींचें पत्र मात्र निराळें आहे. ज्या गाडींतून सासूबाईंना अक्कलकोटास व पंढरपुरास न्यावयाचें, ती उंच झाल्यावर त्यांनीं तींत चढावें कसें, एवढेंच त्या विचारतात. आम्हांस हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकत्र कुटुंबांतील गाडी जो चालवितो त्याच्या एकट्याची नसते, आणि तिच्यांत बदल करावयाचा तो सर्वांचा विचार घेऊनच केला पाहिजे.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, 'उंची' ह्या एका शब्दांत दोन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. ह्या गाड्यांच्या मागील आंसाच्या मध्याजवळ डिफरन्शियलचा लोखंडी गोळा असतो. शेतवाटेवर दोन चाकोऱ्यांच्या मधल्या वरंब्यास पुष्कळदां घासतो तो हाच. स्प्रिंगा उंच केल्या म्हणजे गाडीचें अंग वर जातें. पण आंस चाकांनाच जखडलेला असल्यामुळें हा गोळा होता तेथेंच राहतो. तो उचलावयाचा तर चाकाचाच व्यास वाढला पाहिजे, आणि त्यांतहि टायर दोन इंचांनीं मोठा घेतला तर गोळा एकच इंच वर जातो. २०२० साली नव्या रूपांत आलेल्या तीन दारांच्या थारची जमिनीपासूनची उंची कंपनी २२६ मिलिमीटर सांगते, २०२३ साली आलेल्या जिम्नीची २१०. दोन इंचांच्या संचानें ह्या आंकड्यांत सरळ पन्नासांची भर पडेल असें जो समजतो, त्याची पुढें निराशा व्हावयाचीच.

मग स्प्रिंगा उंच करून मिळतें तरी काय? गाडीचें नाक, पोट व शेपूट हीं वर जातात. ओढ्याच्या खड्या काठावरून उतरतांना बंपर मातींत रुतत नाहीं, बांध ओलांडतांना पोट टेकत नाहीं. हा लाभ खरा आहे. परंतु आपल्या जिल्ह्यांतील शेतवाटांवर गाडी अडते ती बहुधा ह्या कारणानें अडत नाहीं. काळ्या जमिनीवर दोन सरी पडल्या कीं चिखल टायरच्या खांचांत बसतो, खांचा बुजतात, आणि गुळगुळीत झालेलें चाक जागच्या जागीं फिरत राहतें. तेथें गाडी कितीहि उंच असली तरी काय उपयोग? तेथें टायरची नक्षी, त्यांतील हवेचा दाब व चालकाचा धीर ह्यांचें काम. शेतकरी वाफसा येईपर्यंत थांबतो, जीपवाल्यानेंहि थांबावें.

सांगोला, करमाळा, बार्शी ह्या बाजूंच्या मुरमाड माळांवर गोष्ट निराळी. तेथें धोंडे आहेत, पावसानें कापलेल्या घळी आहेत, आणि जाण्यायेण्यानें पन्हळी पत्र्यासारखे आडवे वळ उमटलेले रस्ते आहेत. अशा वाटेवर कस लागतो तो उंचीचा नव्हे, शॉकचा. (माळ म्हणून नान्नजच्या बाजूस गाडी घालण्याचा मोह मात्र कोणीं धरूं नये. तें माळढोकाचें अभयारण्य आहे; हा पक्षी एकच अंडें घालतो आणि तेंहि उघड्या जमिनीवर.)

स्प्रिंग व शॉक ह्यांचीं कामें काय तें घरांतील झोपाळ्यावरून चटकन् समजेल. झोपाळ्यास एकदां झोका दिला कीं तो कितीतरी वेळ हालत राहतो. आजी पाय टेकवितात तेव्हां तो थांबतो. स्प्रिंग हा झोपाळा आणि शॉक हा टेकविलेला पाय. गाडीचा भार तोलते ती स्प्रिंग. शॉक भार तोलीत नाहीं, तो फक्त उसळी जिरवितो. नळकांड्यांत तेल असतें, त्यांतून बारीक छिद्रांचा दट्ट्या मागें पुढें सरकतो, तेल त्या छिद्रांतून जबरदस्तीनें जातें व उसळीचें उष्णतेंत रूपांतर होतें. वळ पडलेल्या रस्त्यावर अर्धा तास वेगानें गेलें म्हणजे ही उष्णता सांचते, तेलांत हवेचे बुडबुडे मिसळून फेंस होतो, आणि दट्ट्यास अडवणारें कांहींच उरत नाहीं. गाडी एकाएकीं नाचूं लागते, वळणावर चाकें जमीन सोडतात. पुष्कळांना वाटतें रस्ता बिघडला. वास्तविक शॉक दमलेला असतो.

शॉक दोन जातींचे मिळतात. एकांत नळीच्या आंत नळी असते. दुसऱ्यांत एकच जाड नळी असून तेल व दाबाखालील नायट्रोजन वायु ह्यांच्यामध्यें सरकता पडदा असतो. ही दुसरी जात फ्रेंच अभियंता द कार्बों ह्यांच्या कल्पनेवरून जर्मनींतील बिलस्टाइन कंपनीनें १९५० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणली. ती लवकर थंड होते, फेंस होऊं देत नाहीं, आणि किंमतहि त्याप्रमाणें घेते. परंतु तिच्या उघड्या नळीस दगड लागून पोंचा आला तर दट्ट्या तेथेंच अडकतो. दुहेरी नळींत बाहेरच्या नळीस पोंचा आला तरी आंतील काम चालूं राहतें. आमच्या मतें ज्या घरची गाडी आठवड्यांतून एकदां मळ्यावर व एरवीं हमरस्त्यानें धांवते, त्यांनीं चांगल्या कंपनीचा, मूळच्यापेक्षां जाड अंगाचा, वायु भरलेला दुहेरी नळीचाच शॉक घ्यावा. आपल्याकडे गेब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ पासून शॉक बनवीत आली आहे. गाडी उंच करावयाची नसेल तर परदेशी नांवाच्या मागें लागण्याचें आम्हांस तरी प्रयोजन दिसत नाहीं.

आतां स्प्रिंगेची निवड. येथेंच बहुतेकांचे पैसे वांया जातात, कारण दुकानदार विचारतो 'किती इंच?' आणि गिऱ्हाईक तेवढेंच सांगतें. विचारावयास पाहिजे तें 'किती किलो?' भार आधीं ठरवावा व मग त्याच्या जोगी रचना करावी, हा धडा आपल्याच जिल्ह्यांत सव्वाशें वर्षांपूर्वीं घालून दिलेला आहे. १८९७ साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत जी अरुंद लोहवाट सुरू झाली, तिच्या कॅलथ्रॉप नांवाच्या अभियंत्यानें प्रत्येक आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं हें प्रथम ठरविलें व त्या मापानें एंजिनें व डबे करविले. उलट आपल्या मालमोटारींची रीत पाहा. माल वाढला कीं कमानींत आणखी एक पाटा चढवावयाचा. १९४७ साली महिंद्रांनीं मुंबईस विलीज जीपांची जुळणी सुरू केली, त्या जीपांना चारी चाकांवर पाट्यांच्याच कमानी होत्या. २०१० च्या जुन्या थारलाहि मागें पाटेच होते. त्यामुळें 'पाटा चढवा' ही संवय जीपवाल्यांतहि मुरलेली आहे. पाटा चढविल्यानें गाडी थोडी उंच होते, पण पुष्कळ अधिक ताठ होते. रिकामी असतां ती खड्ड्यावरून दगडासारखी आपटते, आणि मागें बसलेल्यांच्या कमरेचें काय होतें तें मागें बसलेल्यांसच विचारावें.

ह्यावर उपाय अगदीं स्वस्त आहे. साखर कारखान्यांचा हा जिल्हा. वजनकांटा कोठेंहि मिळेल. घरचीं नेहमीं जाणारीं माणसें व नेहमींचें सामान गाडींत घालून ती कांट्यावर न्यावी. प्रथम पुढचीं चाकें तेवढीं कांट्यावर घेऊन वजन करावें, मग सगळी गाडी. वजाबाकीनें मागचा भार निघतो. नंतर रिकाम्या गाडीचें असेंच वजन घ्यावें. त्याच वेळीं चारी चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचें अंतर टेपेनें मोजून लिहून ठेवावें. ऑस्ट्रेलियांतील ओल्ड मॅन इमूसारखे चांगले संच नुसत्या इंचांवर विकले जात नाहींत. नेहमींचा अधिक भार किती, त्यावर त्यांतील मागील स्प्रिंग ठरते. तीनशें किलोंची स्प्रिंग घालून गाडी रिकामी फिरविणें म्हणजे पाटा चढविण्याचीच महाग आवृत्ति. आणि शॉक त्या स्प्रिंगेच्या जोडीचाच हवा. उंच स्प्रिंगेखालीं जुना आंखूड शॉक ठेवला, किंवा स्प्रिंगेच्या वर नुसती चकती घालून गाडी उचलली, तर चाक खड्ड्यांत उतरतांच शॉक पुरता ताणला जाऊन ठाणकन् आवाज होतो. असे शॉक फार दिवस टिकत नाहींत.

किती उंच करावें? आमचें उत्तर, फार तर दीड ते दोन इंच. तेंहि खरोखरच गरज असेल तर. थारचीं पुढचीं चाकें स्वतंत्र हालणारीं आहेत. अंग वर गेलें कीं चाकांकडे शक्ति नेणाऱ्या दांड्यांचे सांधे अधिक कोनांत वांकतात व लवकर झिजतात. जिम्नीस पुढेंमागें अखंड आंस आहेत, म्हणून तिला ही अडचण नाहीं. परंतु तिचा पुढील आंस किंचित् फिरून स्टिअरिंग हलकें व भरकटतें होतें, आणि आडव्या दांडीमुळें आंस एका बाजूस सरकतो. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात ही गोष्ट दोहींनाहि लागू. ह्याहून मोठी गोष्ट कलंडण्याची. समजा, दोन चाकांमधील अंतर १५०० मिलिमीटर व गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिलिमीटर वर आहे. अर्ध्या अंतरास, म्हणजे ७५० ला, ७०० नें भागलें तर १.०७ येतात, गुरुत्वमध्य ५० नें चढला कीं १.०० च उरतात. अमेरिकेंत वाहनांची कलंडण्याची भीति मोजतांना हाच भागाकार पायाभूत धरतात. पुण्याच्या हमरस्त्यावर वेगांत असतां गुरें आडवीं आलीं व चालकानें चाक झटकन् फिरविलें, तर त्या क्षणीं हा फरक घरांतील सहा माणसांच्या जिवाशीं येऊन भिडतो. गाडी घसरूं न देणारी जी विजेची व्यवस्था कंपनीनें बसविलेली असते, तिची जुळणीहि मूळ उंचीवरच केलेली असते.

सासूबाईंच्या चढण्याचा प्रश्न ह्याच ठिकाणीं येतो. स्प्रिंगेचे दोन इंच व मोठ्या टायरचा एक मिळून दारांतील पायरी तीन इंच वर जाते. गुडघे दुखणाऱ्या माणसास तीन इंच फार होतात. मग बाजूस लोखंडी पायरी बसवितात. ती खालीं लोंबते आणि बांधावर पहिल्यानें तीच घासते! ह्यापेक्षां घरांतला एक जाड लांकडी पाट गाडींत टाकून ठेवणें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें.

पाण्याविषयीं आम्हांस जरा कडक बोलावें लागत आहे. २०२५ च्या सप्टेंबरांत सीनेच्या पुरानें ह्या जिल्ह्यांत काय केलें तें वाचकांस सांगावयास नको. उंच गाडी पाण्यांतून जाते ही समजूत तरुणांत फार पसरली आहे. थारची पाण्यांत उतरण्याची मर्यादा कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. हा आंकडा संथ पाण्यासाठींच समजावयाचा. वाहत्या पाण्याची गोष्ट वेगळी. गाडीच्या बंद तळाचें क्षेत्रफळ चारच चौरस मीटर धरलें तरी तळाच्या वर पाणी दर १० सेंटिमीटर चढलें कीं तें गाडीस ४०० किलोंनीं उचलतें, आणि चाकांची जमिनीवरील पकड तितकी कमी होते. आंत पाणी शिरेपर्यंत गाडी होडी झालेली असते, आणि होडीला वल्हें नसतें. दोन इंच उंच केल्यानें ह्यांत पांच सेंटिमीटरांचा फरक पडतो. पुरास तेवढें चढावयास किती वेळ लागतो हें ओढ्याकांठचा कोणीहि सांगेल. पुलावरून पाणी जात असतां घरांतील कोणींहि गाडी घालावयाची नाहीं, असा नियमच करावा.

कायद्याचें थोडक्यांत सांगतों. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत असा बदल मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि कंपनीनें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार करण्यास मनाई आहे असें स्पष्ट केलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें परवानगीवांचून केलेल्या प्रत्येक बदलास ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. मूळच्याच मापाचे नवे शॉक बसविणें ही दुरुस्ती होय, तीबद्दल कोणी कांहीं म्हणणार नाहीं. उंची बदलणारा संच घ्यावयाचा असेल तर परिवहन कार्यालयास व विमा कंपनीस आधीं लेखी विचारावें आणि उत्तर जपून ठेवावें. अपघातानंतर विमा कंपनीचा तपासनीस येतो तेव्हां तो गाडीखालीं वांकून पाहतो. परदेशी संचाचा खर्च लाखाच्या घरांत जातो; त्यावर विम्याचा दावा फेटाळला गेला तर दुहेरी मार.

म्हणून आमचा सल्ला असा कीं, प्रथम चांगले टायर, मग शॉक, आणि एक पावसाळा त्यांवर काढून मगच स्प्रिंगेचा विचार. जीं घरें तरीहि स्प्रिंगा बदलतील त्यांनीं मिस्त्रीजवळ उभें राहून एक गोष्ट पाहावी. जॅकवर चाकें लोंबकळत असतांनाच सर्व बोल्ट आवळून टाकण्याची पुष्कळांना घाई असते. तसें केल्यास गाडी खालीं उतरतांच रबरी बुश पिळले जातात व तसेच राहून लवकर फाटतात. बोल्ट प्रथम सैल ठेवावे, गाडी चाकांवर उभी करावी, पुढें मागें चार वेळां ढकलावी आणि मग आवळावे. त्यानंतर अलाइनमेंट, आणि भिंतीसमोर गाडी उभी करून दिव्यांचा झोत खालीं घेणें. नाहींतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. पांचशें किलोमीटर झाल्यावर तेच बोल्ट पुन्हां तपासावे, आणि टेपेनें तींच चार मापें पुन्हां घेऊन पहिल्या कागदाशीं ताडून पाहावीं.