कमवून शिकणारा हा विद्यार्थी नव्हे काय?

वाळूजच्या कारखान्यांत पाळी करून रात्रीं मोबाईलवर पदवीचा अभ्यास करणारा मुलगा विद्यार्थी आहे कीं नाहीं, असें आम्हीं एखाद्या शेतकऱ्यास विचारलें तर तो आम्हांस वेड्यांत काढील. पण हाच प्रश्न शिष्यवृत्तीच्या अर्जाला विचारा, उत्तर निराळें मिळेल. राजर्षि छत्रपति शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ति या नांवाची सरकारी योजना आहे. वर्षाचें उत्पन्न आठ लाखांच्या आंत असलेल्या खुल्या गटांतील व मराठा समाजांतील मुलांना तिचा आधार. परंतु व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीं तिच्या ज्या अटी आहेत, त्यांत अर्धवेळ, दूरस्थ आणि आभासी पद्धतीनें शिकणारे वगळले आहेत. म्हणजे फी भरा, परीक्षा द्या, पास व्हा. मदत मात्र मागूं नका!

आणि हें कोणाच्या नांवानें? ज्या राजानें १९०१ सालीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें आणि पुढें जातीजातीच्या मुलांसाठीं वसतिगृहांची रांग उभी केली, त्याच्या नांवानें! खेड्यांतल्या पोराला शाळा गांठतां यावी म्हणून त्यानें खजिना मोकळा केला. आज शाळाच पोराच्या खिशांत आली, तर त्याचेंच नांव लावलेल्या दारावर कडी घातली आहे. महाराजांची तसबीर लावणाऱ्या मंत्र्यांनीं या अटीचा कागद एकदां त्या तसबिरीसमोर वाचून पाहावा.

सरकारचें म्हणणें दूरस्थ पदवी हलकी असें असतें, तर निदान वाद घालतां आला असता. पण विद्यापीठ अनुदान आयोगानें सप्टेंबर २०२२ मध्यें जाहीर केलें आहे कीं मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ वा ऑनलाईन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची समजावी. पदवी बरोबरीची, मग ती मिळविणाराच तेवढा खालचा कसा? शेताचा माल तोच, पण बैलगाडीनें आणला म्हणून भाव कमी, असला हा न्याय आहे.

घरीं बसून शिकणारे हे लोक आहेत तरी कोण? गंगापूर, वैजापूर, कन्नड, सोयगांव या तालुक्यांतून फिरा म्हणजे कळेल. कापूस आणि मका यांवर चालणारें घर. पाऊस चुकला कीं थोरला मुलगा वाळूज, चिकलठाणा नाहींतर शेंद्र्याच्या वसाहतींत कंत्राटी कामाला लागतो. शहरांत खोलीचें भाडें द्यावें, मेसचे पैसे द्यावे आणि वर कॉलेजांत दिवसभर बसावें, ही चैन त्याला कोठून परवडणार? सिल्लोडकडे दिलेली मुलगी बारावी होऊन सासरीं गेली, पदरीं मूल आहे, पण शिकण्याची हौस मेली नाहीं. पैठणला मागावर बसणारी पोर दिवसभर धोटा फेकते. अशांसाठींच तर १९८९ सालीं नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नांवें मुक्त विद्यापीठ निघालें, आणि तालुक्याच्या गांवांपर्यंत त्याचीं अभ्यासकेंद्रें पोंचलीं. सुताराच्या, लोहाराच्या, कुणब्याच्या घरांतला पहिला पदवीधर पुष्कळदां याच वाटेनें आलेला आहे. ज्याच्या घरीं तीन पिढ्या पदव्या आहेत त्याला ही वाट धरावी लागत नाहीं, म्हणून ती बंद कीं उघडी याची त्याला खबरहि नसते.

कोणी म्हणेल, तो तर कमावतो, त्याला मदत कशाला? वाहवा! जो कमावीत नाहीं त्याची फी सरकारनें द्यावी, आणि जो आठ तास लोखंड घासून मग पुस्तक उघडतो त्यानें पदरचे भरावे, हा कष्टाला लावलेला दंड झाला. त्याच्या पगारांतून बापाचें खत, आईचें औषध आणि बहिणीचें लग्न जातें. उत्पन्नाची मर्यादा घालावयाची तर खुशाल घालावी, ती दोघांना सारखी असावी; पण शिकण्याची जागा पाहून माणूस वगळण्यांत कोणता न्याय?

आमच्या चळवळीनें तर कमवून शिकणाऱ्याचा मान नेहमींच मोठा मानला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनीं १८५५ सालीं रात्रीची शाळा काढली ती दिवसा राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढें साताऱ्याच्या कॉलेजांत कमवा व शिका ही रीत चालविली. सयाजीराव महाराजांनीं तरुण भीमरावांस मुंबईंत पदवीसाठीं महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति दिली होती. त्याच बाबासाहेबांनीं १९५० सालीं आमच्या या शहरांत कॉलेज उघडलें, तें दूरच्या शहरीं जाऊं न शकणाऱ्या मराठवाड्यांतल्या गरीब पोरांसाठीं. जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनला जें सुनावलें त्याचा रोख हाच होता, कीं सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतो दुसराच. शिष्यवृत्ति ही भीक नव्हे. काडेपेटीपासून डिझेलपर्यंत प्रत्येक वस्तूवर जो कर तुम्ही देतां त्यांतलाच तो वांटा आहे.

आणि दूरस्थ विद्यार्थ्याला मदत देण्याची रीत या देशांत नवी आहे असेंहि नाहीं. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमांत पत्रद्वारें शिकणाऱ्यासहि फीची भरपाई आणि पुस्तकांसाठीं वर्षाला १२०० रुपये धरले होते. मग जें एका योजनेंत चालतें तें दुसरींत कां चालूं नये? म्हणून वाचकांस सांगणें कीं, कोणी ‘ऑनलाईनवाल्याला कांहीं मिळत नाहीं’ म्हणाला तर लगेच परत फिरूं नका. आपल्या गटाची योजना कोणती, तिची या वर्षाची अट काय, हें अभ्यासकेंद्रांत आणि समाजकल्याण कार्यालयांत लेखी विचारा. तोंडी ‘नाहीं’ला किंमत नसते.

आतां अर्जाविषयीं. पूर्वीं आमच्या मराठवाड्यांत पटवाऱ्याचें दप्तर होतें. त्यांत काय लिहिलें आहे तें त्यालाच ठाऊक. आज महाडीबीटीचें संकेतस्थळ आहे, आणि पासवर्ड केंद्रचालकाच्या वहींत! मुलाचा अर्ज, मुलाचा आधार, पण किल्ली परक्याच्या खिशांत. ही किल्ली आधीं आपल्या हातीं घ्या. केंद्रांत सरकारी दरपत्रक लावलेलें असतें, तें वाचा, पावती मागा.

पैसे अडतात ते बहुधा क्षुल्लक जागीं. आधारवर नांव एक आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरें, कीं अडला अर्ज. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, हें जूनमध्यें आठवतें. सर्वांत मोठी फसगत बँकेची. खातेंपुस्तक एका बँकेचें दिलें, पण आधार शेवटीं जोडलें गेलें भलत्याच खात्याला; एखाद्यानें सिमकार्ड घेतांना उघडून दिलेल्या पेमेंट बँकेच्या खात्याला सुद्धां! पैसे आधारच्या मागें जातात, पुस्तकाच्या नव्हे. मुलगा वर्षभर एका खात्यांत पाहतो आणि रक्कम दुसऱ्यांत निजलेली असते. तसेंच, अर्ज भरला म्हणजे काम झालें असें नाहीं. तो संस्थेच्या कारकुनाकडे जातो, मग प्राचार्याकडे, मग जिल्ह्याच्या कार्यालयांत. वाटेंत कोणी त्रुटी काढली तर परत मुलाच्या खात्यावर येऊन पडतो. मुलगा पुन्हां पाहतच नाहीं, मुदत टळते, आणि कागदावर लिहिलें जातें कीं विद्यार्थ्यानें त्रुटी पुरी केली नाहीं. कॉलेजांत जाणाऱ्याला निदान कारकून रोज दिसतो; घरीं शिकणाऱ्यानें कोणाचें दार वाजवावें? प्रत्येक अभ्यासकेंद्रावर या कामाला नेमलेला एक माणूस आणि त्याची ठरलेली वेळ हवी, रविवारीं सुद्धां; कारण पाळीवाल्याला सुटी मिळते ती तेव्हांच.

दूरस्थांना मदत दिली तर बोगस नांवें घुसतील, ही भीति दाखविली जाते. २०१६ सालीं शिष्यवृत्ति घोटाळ्याच्या चौकशीसाठीं सरकारनें विशेष पथक नेमलें, तेव्हां आरोप होते ते इमारती असलेल्या संस्थांवर, घरीं शिकणाऱ्या पोरांवर नव्हे. चोर संस्थाचालक आणि कुलूप विद्यार्थ्याला, हा उपाय कोणी शोधून काढला? परीक्षा दिली, गुण मिळाले, कीं मगच फी परत करा. एवढ्यानें बोगसगिरी आटोक्यांत येईल.

हेंच सरकार महाज्योतीमार्फत प्रवेशपरीक्षांच्या ऑनलाईन शिकवणीसाठीं मुलांना टॅब देतें, तें चांगलेंच आहे. टॅबवर शिकवणी चालते तर टॅबवरील पदवीला कां वावडें?

आमची मागणी थोडकी आहे. शाहू महाराजांच्या नांवाच्या योजनेंतून ‘दूरस्थ’ आणि ‘आभासी’ वगळणारे शब्द काढावे, आणि मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या फीच्या प्रमाणांत मदत द्यावी. मराठवाड्यांतल्या आमदारांस त्यांचे मतदार हें विचारूं शकतात. ग्रामसभेचा ठराव करून पाठविला तर आणखी बरें. तोंवर प्रवेश घेतांना विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमाची त्या वर्षाची मान्यता आहे काय तें पाहावें, जाहिरातींना भुलूं नये, आणि एप्रिल उजाडतांच तहसिलींतून उत्पन्नाचा नवा दाखला काढून ठेवावा.