रॅपरला काय कळतंय इतिहासातलं?

मागच्या महिन्यात कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एक क्लिप टाकली. लंडनचा एक रॅपर ब्रिटिश साम्राज्याबद्दल बोलत होता. शांतपणे, हातात कागद नाही, आवाज न चढवता. पाच मिनिटांत पंधरा-वीस अंगठे पडले. 'याला म्हणतात बोलणं', 'गोऱ्यांची उतरवली', 'कोहिनूर परत द्या' वगैरे वगैरे. मला भारी वाटलं, कारण हा माणूस मी बरीच वर्षं ऐकतोय. म्हणून उत्साहाच्या भरात त्याचीच दुसरी एक क्लिप मीही टाकली. शाळा, गरिबी, रंग आणि 'गुणवत्ता' या विषयावरची. खाली एक ओळ लिहिली, 'यातलं आपल्याकडे किती लागू पडतं बघा.'

ग्रुप गार. अर्ध्या तासाने एक उत्तर आलं. 'अरे रॅपर आहे ना तो? मग रॅप कर म्हणावं. इतिहास-समाजशास्त्र यातलं काय कळतंय त्याला? उगाच व्हिक्टिम कार्ड.'

म्हणजे बघा, पहिल्या क्लिपमध्ये तो विद्वान होता. दुसऱ्या क्लिपमध्ये रॅपर झाला. मधे फक्त जेवणाची सुट्टी झाली होती!

तेव्हापासून डोक्यात हे घोळतंय. आज शनिवार आहे, घरचे लग्नाला गेलेत, चहा गरम आहे. तर आज हिशोब करून टाकू.

आधी माणूस कोण ते सांगतो. अकाला. खरं नाव किंग्सली डेली. जन्म १९८३ चा, वाढला उत्तर लंडनमध्ये कॅम्डन भागात. वडिलांकडून जमैकन, आई स्कॉटिश. बहीण मिस डायनामाइट, जिला २००२ चं मर्क्युरी प्राइझ मिळालं. ह्याला स्वतःला २००६ मध्ये हिप-हॉपसाठी मोबो पुरस्कार मिळाला. आणि 'अकाला' हे नाव त्याने कुठून घेतलं माहितीये? बौद्ध परंपरेतल्या 'अचल' वरून. जो हलत नाही तो. इंग्रजी स्पेलिंगमधून फिरून आल्यामुळे आपल्याला आपलाच शब्द ओळखू येत नाही, एवढंच.

२०१८ मध्ये त्याचं 'नेटिव्ह्ज' हे पुस्तक आलं. थोडं आत्मचरित्र, थोडा साम्राज्याचा इतिहास, आणि दोन्ही एकमेकांत विणलेले. तो पुस्तकात स्वतःबद्दल रडत बसत नाही. आपल्यावर एक गोष्ट घडली, ती घडायची व्यवस्था कुणी, कधी आणि कशासाठी केली, असा उलटा माग काढत जातो. आपण लॉग फाइल उघडून एररपासून मागे मागे जातो ना, तसं.

आता आक्षेपांकडे येतो.

आक्षेप पहिला : डिग्री कुठाय? हा आक्षेप मराठी माणसाने घ्यावा याचं मला खरंच हसू येतं. आपल्या आज्या-पणज्यांना इतिहास सांगितला कुणी? विद्यापीठाने? अहो, डफ आणि तुणतुणं घेऊन उभ्या राहिलेल्या शाहिरांनी सांगितला. जोतीराव फुल्यांना १८६९ मध्ये शिवाजी महाराजांबद्दल बोलायचं होतं तेव्हा त्यांनी पवाडा लिहिला. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्याकडे कुणी पीएचडीचं सर्टिफिकेट मागितलं होतं का? ठेक्यावर इतिहास सांगणारा माणूस आपल्याला नवा नाही. तो लंडनहून आला की मात्र आपण एकदम प्रवेश परीक्षा घ्यायला बसतो.

शिवाय माणसाकडे डिग्री नसेल तर एक सोपा उपाय आहे. तो काय म्हणतो ते तपासायचं. त्याचं एक आवडतं म्हणणं घेऊ. ब्रिटनला गुलामगिरीतलं बाकी काही आठवत नाही, फक्त ती आपण बंद केली हे आठवतं. विल्बरफोर्सचं नाव पोराटोरांना पाठ, आणि हैतीमध्ये १७९१ ते १८०४ या काळात गुलामांनी स्वतः लढून फ्रेंचांना हाकललं, ते कुणाच्या गावी नाही.

तपासा. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला. वसाहतींमधली गुलामगिरी रद्द करायचा कायदा १८३३ चा. त्या कायद्याने २ कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. सरकारच्या तेव्हाच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के. कुणाला? गुलामांना? छे. मालकांना! त्यांची 'मालमत्ता' गेली ना. जे गुलाम होते त्यांना दमडी मिळाली नाही, वर 'शिकाऊ' या गोंडस नावाखाली आणखी काही वर्षं फुकट राबावं लागलं. ते संपलं १८३८ मध्ये. आणि या भरपाईसाठी काढलेलं कर्ज ब्रिटनने शेवटी फेडलं कधी, तर २०१५ मध्ये. हे त्यांच्या अर्थखात्याने २०१८ मध्ये स्वतःच मोठ्या कौतुकाने ट्वीट केलं, आणि बोंबाबोंब झाल्यावर काढून टाकलं. म्हणजे लंडनमध्ये टॅक्स भरणारी जमैकन वंशाची माणसं आपल्याच खापरपणज्यांच्या मालकांची भरपाई फेडत होती. आणि माझ्यासारखे ऑनसाइटवाले सुद्धा! माझी त्या वर्षांची पे-स्लिप अजून ड्रॉवरमध्ये आहे.

यात आपला धागा आहे, तोही सांगतो. तो १८३३ चा कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला लागूच नव्हता. भारतात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली १८४३ मध्ये. आणि उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या जागी कोण गेलं? १८३४ पासून जहाजं भरभरून गिरमिटिये. मॉरिशसमध्ये आजही मराठी बोलणारी, गणपती बसवणारी जी घरं आहेत, त्यातल्या कित्येकांचे पूर्वज असेच कोकणातून गेलेले. तेव्हा 'त्यांचा विषय आहे, आपल्याला काय' हेही चालणार नाही.

आक्षेप दुसरा : रॅप ही काय संस्कृती आहे? याला त्याने २०११ मध्ये टेडएक्सच्या मंचावर सुंदर उत्तर दिलंय. तो ओळी वाचतो आणि श्रोत्यांना हात वर करायला सांगतो. ही ओळ शेक्सपिअरची की एखाद्या रॅपरची? सभ्य, सुशिक्षित लोक धडाधड चुकतात. २००९ पासून त्याची 'हिप-हॉप शेक्सपिअर कंपनी' हेच काम मुलांबरोबर करते. शेक्सपिअरचा ठेका आणि रॅपचा ठेका एकमेकांवर बसवायचा. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला, आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं. शेक्सपिअर कुणाच्या बापाचा नाही, हे मराठी रंगभूमीला तेव्हाच कळलं होतं. पिटातला प्रेक्षकसुद्धा शिट्टी मारून दाद देतो, आणि ती दादच असते.

आक्षेप तिसरा, आणि हा खरा : व्हिक्टिम कार्ड.

इथे माझं डोकं सटकतं, कारण हे म्हणणाऱ्यांनी त्याला ऐकलेलंच नसतं. लंडनमधल्या चाकूहल्ल्यांवरून तिथली काही वर्तमानपत्रं 'काळ्या पोरांची संस्कृतीच तशी' म्हणत होती. अकाला काय म्हणाला? ग्लासगो बघा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या पोरं एकमेकांना भोसकत आली, आणि ती सगळी गोरी. मग दोन्हीकडे सारखं काय आहे? गरिबी, घरातली मारहाण, शाळेतून काढून टाकणं, आणि पंधरा-सोळा वर्षांचं वय. तिथल्या पोलिसांनी २००५ मध्ये हिंसाचाराकडे रोगाच्या साथीसारखं बघायला सुरुवात केली, खास पथक नेमलं, आणि पुढच्या वर्षांत खून बरेच कमी झाले. म्हणजे हा माणूस कारणांच्या यादीतून रंग काढायला सांगतोय, आणि आपण म्हणतो रंगाचं भांडवल करतोय! याला रूट कॉज अ‍ॅनालिसिस म्हणतात. सोमवार ते शुक्रवार आपण ह्याचेच पैसे घेतो.

त्याचं सगळंच मला पटतं असं नाही. कॅस्ट्रोबद्दल लिहिताना क्यूबाने आफ्रिकेत वर्णद्वेष्ट्या फौजांविरुद्ध सैन्य पाठवलं हे तो ठासून सांगतो. ते खरंच आहे. पण क्यूबातल्या तुरुंगांबद्दल त्याचा हात आखडतो असं मला वाटतं. जो माणूस साम्राज्याची वही पान न् पान तपासतो त्याने आपल्या आवडत्या माणसांचीही तपासावी. एवढी तक्रार मी करणारच. पण ही तक्रार त्याने काय लिहिलं त्यावर आहे. तो रॅपर आहे म्हणून नाही. फरक कळतोय ना?

आता मूळ मुद्दा. पुस्तकात एक प्रसंग आहे. सात-आठ वर्षांचा अकाला वर्गात हुशार होता, आणि शाळेने त्याला उचलून शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांच्या गटात बसवलं. त्याला काही येत नव्हतं म्हणून नाही. त्याच्या आईने भांडून प्रकरण तडीस नेलं, शनिवारच्या आफ्रिकन-कॅरिबियन शाळेत घातलं, आणि पोरगा वाचला. असा प्रत्येक पोरगा वाचत नाही.

हे वाचताना मी लंडनमध्ये ट्यूबमध्ये उभा होतो. त्याच आठवड्यात तिथल्या पार्टीत मला एका बाईंनी विचारलं होतं, 'पण तुम्ही मूळचे कुठले?' मी पुणे सांगितलं. मग इंग्रजी इतकं चांगलं कसं, हा पुढचा प्रश्न. मी दोन दिवस धुसफुसत होतो. आणि ते पान वाचताना मला हॉस्टेलची पहिली रात्र आठवली. रूममेट ट्रंक लावत होता. मी, 'अ' तुकडीत वाढलेला हुशार मुलगा, त्याला सहज विचारलं, 'सीईटीला रँक किती?'

मला रँक जाणून घ्यायचाच नव्हता, मंडळी. तुम्हालाही माहितीये मला काय जाणून घ्यायचं होतं. त्यालाही माहीत होतं. त्याने आकडा सांगितला, परत ट्रंककडे वळला, आणि चार वर्षं माझ्याशी कामापुरतं बोलला. तिसऱ्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्स मला त्यानेच शिकवलं. आज मी ज्यावर पोट भरतो ते.

त्या बाई आणि मी, आमच्यात फरक काय? तिला निदान पार्टीत दोन वाइन झाल्या होत्या. मी शुद्धीवर होतो.

म्हणून मला त्या ग्रुपचा राग येतो. साम्राज्याचा हिशोब मागायचा असेल तेव्हा अकाला आपला भाऊ. त्याच वहीचं पुढचं पान उघडलं, त्यावर आपलं नाव दिसलं, की तो रॅपर. तिथल्या आणि इथल्या गुलामीचा धागा एक आहे हे आपल्याला कुणा इंग्रजाने शिकवायची गरज नव्हती. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत पँथर उभी राहिली ती नावासकट ऑकलंडच्या ब्लॅक पँथर्सकडे बघून. दीडशे वर्षांचा हा पत्रव्यवहार आहे. आपणच तो शाळेत ऑप्शनला टाकला.

'मी माझ्या मेहनतीने वर आलो, मला कुठे अडचण आली?' असं ग्रुपवर कुणीतरी म्हणणारच. मित्रा, याला आपल्या धंद्यात एक वाक्य आहे. 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' टेस्टरसमोर हे वाक्य टाकून बघ एकदा.

असो. दुसरी क्लिप ग्रुपवर मी आज परत टाकलीये. आणि त्या रूममेटचा नंबर एका मित्राकडून मिळवलाय, अजून लावला नाहीये. चहा संपला की लावतो.